डोंगराची भांडी केलेलं गाव

पहिला दिवस : हाकाता ते आरिता

सकाळी हाकाता स्टेशनातून ‘मिदोरी’ एक्सप्रेस पकडली. फुकुओकाची वस्ती विरळ झाली की भातखाचरं लागतात, हळूहळू टेकड्या रुळांच्या जवळ येऊ लागतात आणि दीड तासाच्या आत आरिता येतं. क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतातलं हे अरुंद दरीतलं गाव. दोन्ही अंगांना झाडीने भरलेले उभे डोंगर, मधून एक ओढा आणि एक लांबलचक रस्ता. जपानमधलं पहिलं पोर्सेलिन याच भागात भाजलं गेलं. मातीकाम करणाऱ्या माझ्यासारखीला ते भाजणारे लोक कोण होते, कुठून आले आणि त्यांना हे कसं साधलं, हे जागेवर जाऊन बघायचं होतं. फुकुओकाला शिकणारा भाचा बरोबर होता, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

आधी एक खुलासा करते. आपल्याकडच्या लोणच्याच्या जुन्या बरण्या जाड, आरपार उजेड न जाणाऱ्या मातीच्या असतात. पोर्सेलिनची जात वेगळी. ते पांढरंशुभ्र असतं, १३०० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं, टिचकी मारली की खणखणतं आणि पातळ असेल तर उजेडासमोर धरल्यावर मागच्या बोटांची सावली दिसते. चीनला ही विद्या हजार वर्षांहून जुनी, कोरियालाही येत होती. जपानमध्ये मात्र सोळावं शतक संपेपर्यंत ती नव्हती. सरदार आणि सावकार लोक चीनहून भांडी मागवत.

स्टेशनापासून चढणीच्या रस्त्याने क्यूशू सिरॅमिक म्युझियम गाठलं. १९८० साली उघडलेलं हे सागा प्रांताचं संग्रहालय. इथली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे शिबाता दांपत्याने दिलेला १०,३११ भांड्यांचा संग्रह. आरिताची भांडी दशकादशकाने कशी बदलत गेली, हे तो क्रमाने दाखवतो.

मी सर्वात जास्त वेळ पहिल्याच कपाटांपुढे काढला. १६१० ते १६४० च्या दरम्यानची ही सुरुवातीची भांडी. बशा जाड आहेत, किंचित वाकड्या आहेत. खालचं बूड बशीच्या मानाने फारच लहान, रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पांढरा रंग पूर्ण पांढरा नाही, त्यात निळसर-राखाडी झाक. निळ्या रंगात काढलेला ससा, एखादी फांदी, दोन-चार गवताची पाती, आणि बाकी जागा मोकळी. काही भांड्यांच्या बुडाशी बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. त्या काळी इथे कच्चं भांडं आधी हलकं भाजून मग झिलईत, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर देणाऱ्या पातळ कालवणात, बुडवण्याची पद्धत नव्हती. कोरियन रीतीप्रमाणे न भाजलेलं भांडंच बुडाला धरून झिलईत बुडवायचे आणि थेट भट्टीत लावायचे. म्हणून बोटं धरली होती तिथे झिलई लागलीच नाही आणि माणसाची खूण चारशे वर्षं तशीच राहिली. ज्याने कच्चं भांडं झिलईत बुडवलंय त्याला कळेल की यात किती भांडी हातातच विरघळली किंवा तुटली असतील.

पुढच्या दालनांत हात सफाईदार होत जातो. शतकाच्या मध्याला झिलईआधीची हलकी भाजणी सुरू होते आणि भांडी पातळ होतात. मोठ्या थाळ्या भट्टीत मध्येच खचू नयेत म्हणून खाली मातीचे बारीक सुळके टेकू म्हणून लावत. ते नंतर ठोकून काढले तरी थाळीच्या पाठीवर बारीक ठिपके राहतात. संग्रहालयातल्या ताईंनी आरशातून आम्हाला ते दाखवले. चिनी भांड्यांवर सहसा हे ठिपके नसतात, त्यामुळे आरिताची थाळी पाठीवरूनही ओळखता येते.

रात्री जेवणात ‘गोदोफू’ मिळालं. सोयाबीनच्या दुधात कुडझू नावाच्या कंदाचं सत्त्व घालून थिजवलेला, वर तिळाचा गोडसर रस घातलेला हा इथला पदार्थ. शाकाहारी माणसाला जपानमध्ये एवढा बिनधोक घास क्वचितच मिळतो.

दुसरा दिवस : इझुमियामा, कोरियन कुंभार आणि मागची गल्ली

आज कामी-आरिता स्टेशनवर उतरून गावाच्या पूर्व टोकाला चालत गेलो. वाटेत गिंकोचा प्रचंड वृक्ष लागतो, हजार वर्षांचा समजला जाणारा. नोव्हेंबर असल्याने तो पूर्ण पिवळा झाला होता आणि खाली पानांचा थर साचला होता. तिथून थोडं पुढे पोर्सेलिनच्या दगडाची इझुमियामाची खाण.

खाण म्हणजे खोल खड्डा असेल अशी माझी समजूत होती. इथे दिसतो तो आतून खाल्लेला डोंगर. पांढरट, पिवळट, गंजाचे ओघळ आलेले कडे, त्यांत जागोजागी बोगद्यांची काळी तोंडं आणि मध्ये मोठं मोकळं मैदान. त्या मैदानाच्या जागी एकेकाळी डोंगर उभा होता. चारशे वर्षांत गावाने तो फोडला, कुटला आणि भांडी करून जगभर पाठवला. आता इथून दगड काढणं जवळजवळ बंद आहे आणि जागा राष्ट्रीय वारसा म्हणून राखलेली आहे.

हा दगड म्हणजे ज्वालामुखीचा जुना खडक. गरम पाण्याच्या वाफांनी लाखो वर्षांत तो आतून बदलून मऊ झाला. त्यात गारगोटी असते आणि अभ्रकाच्या जातीचं एक बारीक खनिज असतं. चीनमध्ये साधारणपणे दोन वेगळे घटक मिसळून पोर्सेलिनची माती बनवतात. इझुमियामाचा दगड मात्र नुसता कुटून, पाण्यात कालवून, गाळ निवळवून घेतला तरी पुरतो. माती चाकावर चिवट नसते, वाळताना आणि भाजताना ती बरीच आकसते, पण तिच्यात दुसरं काही घालावं लागत नाही. असा दगड एका जागी, ओढ्याच्या काठावर, लाकडाने भरलेल्या डोंगरांमध्ये सापडला, म्हणून आरिता घडलं.

सापडला कुणाला? गाव एक नाव घेतं : ई साम-प्योंग. जपानी कागदांत कानागाए सान्बेई. खाणीजवळच्या छोट्या इशिबा देवळात त्याची पोर्सेलिनची मूर्ती आहे.

त्याच्या येण्यामागे युद्ध आहे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९२ मध्ये आणि पुन्हा १५९७ मध्ये कोरियावर फौजा पाठवल्या. चीनपर्यंत धडक मारण्याचा बेत फसला आणि १५९८ मध्ये हिदेयोशी मेल्यावर सैन्य परतलं. परतताना पश्चिम जपानच्या सरदारांनी कोरियन माणसं जहाजांवर घालून आणली. त्यांत कुंभार पुष्कळ होते. चहाच्या समारंभाने जपानी सरदारांना कोरियन वाडग्यांचं वेड लावलं होतं, म्हणून या युद्धाला जपानमध्ये ‘भांड्यांचं युद्ध’ असंही म्हणतात. मला हे नाव खटकतं. गावं जळाली, माणसं मेली, हजारो लोक घरापासून तोडले गेले. त्याला भांड्यांचं युद्ध म्हटलं की त्या सगळ्याला कलेची झालर लागते.

सागाचा सरदार नाबेशिमा नाओशिगे याच्या फौजेबरोबर ई साम-प्योंग आला आणि ताकूच्या सरदार घराण्याकडे सोपवला गेला. त्याने म्हातारपणी दिलेलं लेखी निवेदन टिकून आहे. १६१६ मध्ये आपण ताकूहून आरिताला आलो, बरोबर १८ जण होते आणि पुढे सुमारे १२० माणसं आपल्या देखरेखीखाली होती, असा त्यात हिशेब आहे. १६५५ मध्ये तो वारला. घराण्याच्या नंतरच्या कागदांत तो नाबेशिमाच्या सैन्याचा वाटाड्या होता असं येतं. त्यावरून कोरिया आणि जपानमध्ये वाद आहेत : तो आणला गेला की आला? दारात सशस्त्र फौज उभी असताना रस्ता दाखवणाऱ्याला कितपत निवड असते, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

खाणीकडून परत येताना मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत शिरलो. इथल्या घरांच्या कुंपणभिंतींना ‘तोन्बाई’ भिंती म्हणतात. उताराच्या जुन्या भट्ट्या मोडल्यावर त्यांच्या विटा, भट्टीतले टेकू आणि फुटकी साधनं लाल मातीत रचून त्या बांधल्या. अनेक विटांवर लाकडाची राख वितळून हिरवी-तपकिरी काच चढलेली आहे. मी हात फिरवत चालत होते, तर भाचा म्हणाला, “मावशी, तुला दुकानांपेक्षा भिंतीच जास्त आवडल्यात.” खरंच होतं ते. दुकानात माल दिसतो. या भिंतींत प्रत्येक भाजणीचा जाळ साठून राहिलाय. मुख्य रस्त्यावर व्यापारी राहत आणि मागे ओढ्याकाठी कुंभार, ही गावाची जुनी मांडणी आजही चालताना कळते.

याच भागात होओन-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथला एक दगड पाहायचाच हे मी निघतानाच ठरवलं होतं. तो आहे पेक पा-सन हिचा. तिचा नवरा कोरियन कुंभारांचा म्होरक्या होता, शेजारच्या ताकेओ भागात वसवलेला. तो १६१८ मध्ये गेला. त्यानंतर या बाईने सुमारे नऊशे माणसांना घेऊन आरितातल्या हिएकोबा इथे मुक्काम हलवला आणि तिथे पोर्सेलिनचं काम उभं केलं. १६५६ मध्ये ९६ वर्षांची होऊन ती वारली. तिच्या पणतूने १७०५ मध्ये हा दगड उभारला. तिचं खरं नाव यावर नाही. ‘पा-सन’मध्ये आहे तो म्हातारीबद्दलचा आदर. नऊशे माणसांचा तांडा, त्यांचं धान्य, जागा, सरपण, सरदारांची परवानगी हे सगळं परक्या मुलखात एका विधवेने निभावलं. ई साम-प्योंगच्या तोडीचं काम आहे हे. तरी माहितीपत्रकांत तिला दोन ओळी मिळतात.

दुपारनंतर तोझान देवळात गेलो. पायऱ्या चढताना मध्येच रेल्वेचे रूळ आडवे जातात. ते पार केले की पुढे पोर्सेलिनची तोरी, म्हणजे देवळाची कमान. पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, १८८८ साली गावकऱ्यांनी घडवलेली. देवळातले रक्षक सिंहही पोर्सेलिनचे. १६५८ मध्ये स्थापन झालेल्या या देवळात सम्राट ओजिन यांच्या जोडीने नाबेशिमा नाओशिगे आणि ई साम-प्योंग या दोघांनाही देवत्व दिलं आहे. आणणारा आणि आणला गेलेला एकाच गाभाऱ्यात.

मागे आणखी चढून गेलं की ई साम-प्योंगचं दगडी स्मारक येतं. उद्योगाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९१७ मध्ये, ते उभारलं. त्या वेळी कोरिया जपानच्या ताब्यात होता, हे लक्षात ठेवून ते वाचावं लागतं. वरून सगळं गाव एका नजरेत येतं : काळी कौलं आणि विटांची धुराडी.

तिसरा दिवस : भट्ट्यांच्या जागा

सकाळपासून पाऊस. तरी शिराकावा भागातल्या तेंगूदानीला गेलो. ही डोंगरउतारावरच्या भट्टीची जागा. १९६५ पासून इथे उत्खनन झालं. एकाला एक लागून चढत जाणाऱ्या कोठ्यांची ही भट्टी. खालच्या कोठीत जाळ घातला की उष्णता वर चढत जाते, मग प्रत्येक कोठीत बाजूने लाकूड सारत पुढे जायचं. आज तिथे पायऱ्यांसारखी आखलेली जमीन आणि माहितीचे फलक एवढंच आहे. पूर्वी हीच जपानमधली पहिली पोर्सेलिन भट्टी मानत. उत्खननांनी चित्र बदललं. गावाच्या पश्चिमेला तेन्जिनमोरी, कोमिझो अशा भट्ट्यांच्या उकिरड्यांत साध्या मातीची भांडी आणि पोर्सेलिन एकत्र सापडलं, कधी तर भट्टीत एकमेकांना चिकटलेलं. म्हणजे १६१० च्या दशकात तिथले कारागीर रोजची भांडी भाजता भाजता पांढऱ्या दगडाचे प्रयोग करत होते. कदाचित इझुमियामाची मोठी खाण सापडण्याच्याही आधी.

एका माणसाला एके दिवशी डोंगरात पांढरा दगड सापडला, ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. मला उकिरड्यांतली गोष्ट जास्त पटते. भट्टी लावणं, झिलई जमवणं, चीनहून येणारा निळा रंग मिळवणं ही एकट्याची कामं नव्हेत. शेकडो हात एकाच वेळी चुकत आणि शिकत होते, तेव्हा कुठे ससा काढलेली ती बशी झाली. ई साम-प्योंगचं मोठेपण त्याने कमी होत नाही. या लोकांना एकत्र ठेवून काम चालवणं हीच त्याची खरी करामत असावी.

एवढ्या भट्ट्यांनी डोंगर बोडके होऊ लागले. तेव्हा १६३७ मध्ये सागाच्या राज्याने ८२६ जपानी कुंभारांना या धंद्यातून काढून टाकलं : ५३२ पुरुष, २९४ बायका. अकरा भट्ट्या मोडल्या, तेरा ठेवल्या. कारण दिलं जंगलतोडीचं. पण त्याचबरोबर पोर्सेलिन निवडक, मुख्यतः कोरियन कारागिरांच्या हाती आणि राज्याच्या मुठीत आलं. गावाच्या तोंडाशी पहारे बसले. २९४ हा आकडा मी वहीत लिहून घेतला. भट्ट्यांवर बायका किती होत्या याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे माझ्या वाचनात नाही.

मग पाऊस वाढला आणि आम्ही पुन्हा संग्रहालयात आलो. या वेळी निर्यातीची दालनं पाहिली. १६४४ मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, चिंग-द-चेन या चिनी पोर्सेलिनच्या गावातल्या भट्ट्या विस्कटल्या आणि युरोपला माल पुरवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीला दुसरा पुरवठादार शोधावा लागला. नागासाकीच्या देजिमा बेटावर तिची वखार होतीच. १६५० मध्ये थोडी खरेदी झाली आणि १६५९ मध्ये पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी आली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वाकड्या बशा भाजणाऱ्या गावाला! दरम्यान साकाइदा काकिएमोन या कुंभाराने झिलईवर तांबडा आणि इतर रंग चढवायची चिनी पद्धत साधली होती. दुधी पांढऱ्यावरची त्याच्या घराण्याची तांबडी फुलं युरोपच्या राजवाड्यांत इतकी गाजली की १७१० मध्ये सुरू झालेल्या जर्मनीतल्या माइसेन पोर्सेलिन कारखान्याने त्यांची नक्कल केली.

एका थाळीच्या मध्यावर कंपनीची व्ही, ओ, सी ही तीन अक्षरं निळ्यात गुंफलेली आहेत. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथल्या पडक्या डच वखारीच्या भिंतींशी आम्ही लहानपणी खेळायचो, आणि ती वखार याच कंपनीची. हिझेन, म्हणजे आरिताच्या या प्रांताची भांडी कंपनीने सुरतेलाही पाठवल्याच्या नोंदी आहेत. ती अक्षरं ओळखीची निघाल्यावर मी भाच्याला हाका मारून बोलावलं.

चौथा दिवस : इमारी आणि ओकावाची-यामा

आरिताहून मात्सुउरा रेल्वेच्या एकडबी गाडीने इमारीला पंचवीसेक मिनिटं लागतात. आरिताचा माल या बंदरातून जहाजांवर चढायचा, म्हणून युरोपात तो ‘इमारी’ नावानेच खपला. बंदरात आता पाहण्यासारखं फार नाही. आम्ही लगेच ओकावाची-यामाची बस घेतली.

तीन बाजूंनी सरळ कडे आणि चौथ्या बाजूला पहाऱ्याची चौकी. १६७५ च्या सुमारास नाबेशिमांनी आपली खास भट्टी इथे हलवली, ती कारागिरी बाहेर फुटू नये म्हणून. ३१ निवडक कारागीर पगारावर होते. घडवणारे वेगळे, चितारणारे वेगळे. माल विकायचा नव्हता. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, आणि मोठ्या सरदारांना नजराणा म्हणून जायचा, जरा खोट असली की फोडायचा. या थाळ्यांचं बूड उंच असतं आणि त्यावर कंगव्याच्या दातांसारखी निळी नक्षी असते. इतकी काटेकोर रेघ मी कुठेच पाहिलेली नाही. त्याच वेळी, ३१ जणांना दरीत कोंडून काढलेली ती रेघ आहे, हेही डोळ्यांआड होत नाही. १८७१ मध्ये सरदारक्या बरखास्त झाल्या तेव्हा ही व्यवस्था संपली.

ओढ्याकाठी पाण्यावर चालणारी उखळी आहे. लांब लाकडाच्या एका टोकाच्या खोबणीत पाणी भरलं की ते टोक खाली जातं, पाणी सांडलं की दुसऱ्या टोकाचं मुसळ दाणकन दगडावर पडतं. इझुमियामाचा डोंगर अशाच मुसळांनी कुटला गेला.

चढावर नावगाव नसलेल्या कुंभारांचं स्मारक आहे. ज्यांच्या मागे कुणी उरलं नाही अशांचे ८८० थडग्याचे दगड गोळा करून ते रचलं आहे. कोरियन कुंभारांची म्हणून दाखवलेली वेगळी जागाही आहे. आम्ही दोघांनी तिथे उदबत्ती लावली. गेले काही दिवस मी ज्यांना शोधत होते ते हेच लोक.

खाली एका छोट्या कार्यशाळेत कुंभारकाकांशी बोलणं झालं. आरितात आता बहुतेक माती कुमामोतोजवळच्या आमाकुसा बेटांवरच्या दगडाची असते. तो जास्त पांढरा निघतो आणि भट्टीत कमी दगा देतो, म्हणून मेइजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, तोच रुळला. इझुमियामाच्या दगडात लोह जास्त, भांडं राखाडी होतं, तडे जातात. तरी काही कुंभार अजून मुद्दाम तोच थोडाफार वापरतात. काकांकडे त्याचा एक पेला होता, निळसर-राखाडी, आत दोन काळे ठिपके. भाच्याने विचारलं, “ठिपके दोष नाहीत का?” ते म्हणाले की दगडात आहे ते भांड्यात येणारच, दगड बदलण्यापेक्षा हात बदलायचा. मी तो पेला घेतला.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं : २९ एप्रिल ते ५ मे आरितात मोठा बाजार भरतो, माल स्वस्त मिळतो, पण दहा लाखांच्या घरात माणसं येतात आणि मागच्या गल्ल्या नीट पाहता येत नाहीत. ४ मे रोजी ई साम-प्योंगच्या स्मारकापाशी उत्सव असतो, तेवढ्यासाठी जावंसं वाटलं तर राहायची सोय बरीच आधी करा. एरवी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. संग्रहालय पहिल्याच दिवशी बघा, म्हणजे पुढे खाण आणि भट्ट्या पाहताना काय पाहतोय ते कळतं. आणि होओन-जी चुकवू नका. पाट्या कमी आहेत, कुणालाही ‘ह्याकुबासेन’ (पेक पा-सनचं जपानी नाव) म्हणून विचारलं की रस्ता दाखवतात.